तुझ्या नावावर खपवलेली भेट

शालूताई, तुझ्या शोकसभेत आपल्या ऑफिसच्या साहेबांनी तुझ्याबद्दल जे वाचून दाखवलं, ते मशीननं लिहिलेलं होतं. मला पहिल्या ओळीतच कळलं. 'मृदुभाषी, शांत स्वभाव की धनी, सदैव मुस्कुराती हुई.' मृदुभाषी म्हणे! तू इतवाऱ्यात भाजीवाल्याशी बोलायला लागलीस की पलीकडच्या गल्लीतल्या बायका खिडकीत यायच्या. मी हसू दाबायला ओढणी तोंडावर धरली आणि शेजारच्या बाईंना वाटलं मी रडतेय. त्यांनी पाठीवर हात ठेवला. मग मला खरंच रडायला आलं.

साहेब मोबाइलवरूनच वाचत होते. मधे बोट भलतीकडे सरकलं आणि तू दोनदा 'ममता की मूर्ति' झालीस. कुणाच्या लक्षातही आलं नाही. मग उभं राहून मौन, मग समोसे. त्या मौनात मी तुझ्या आत्म्याला शांती मागितली नाही. ते काम बाकीचे करत होतेच. मी एवढंच मागितलं, की हा माणूस एकदा सगळ्यांसमोर तोंड उघडेल आणि त्याला शब्द सुचणार नाही, असा दिवस मला बघायला मिळू दे.

का मागितलं ते तुला माहीत आहे. त्या हॉलमधल्या कुणाला माहीत नव्हतं, म्हणून आता सगळं लिहून टाकते.

आपण दोघी मुलांचं काम करणाऱ्या. कुठे मार खाणारं पोर, कुठे आई-बाप नसलेलं, कुठे शाळा सुटलेलं. त्याच्या घरी जायचं, बघायचं, बोलायचं, रिपोर्ट द्यायचा. तो वाचून बाल कल्याण समिती ठरवणार की पोर कुठे राहील. म्हणजे आपण काय पाहिलं यावर एखाद्या पोराचं सगळं आयुष्य फिरतं. हे तू मला पहिल्याच दिवशी सांगितलंस, आणि सांगून झाल्यावर विचारलंस, 'जेवलीस का?'

मशीन आलं तेव्हा ऑफिसात सगळ्यांत खूश तू होतीस. मी नव्हते. मला वाटलं, आणखी एक ॲप, आणखी एक पासवर्ड. पासवर्ड तर साहेबांनीच ट्रेनिंगच्या दिवशी सगळ्यांचे ठरवून दिले आणि पुढे कुणी बदललेही नाहीत. तू मात्र लगेच मोबाइल तोंडाशी धरून बोलायला लागलीस. घरी जाऊन जे पाहिलं ते नुसतं बोलायचं, आणि एआय त्याचा सरकारी हिंदीत नीटनेटका रिपोर्ट करून देणार; आपल्या राज्याचा कारभारच हिंदीत. तुला लिहायचा जन्माचा कंटाळा. 'बोलायचा नाही ना कंटाळा मले,' तू म्हणालीस, 'झालं तं मंग.'

तो ट्रक आठवतो? माझ्या स्कूटीवर मागे बसून तू दापोऱ्याच्या रस्त्यानं रिपोर्ट बोलत होतीस. दोन्हीकडे केळी, मधे अरुंद रस्ता, आणि केळीच्याच एका ट्रकनं आपल्याला पार खाली मातीत घातलं. तू उभी राहून त्या ड्रायव्हरच्या सात पिढ्या काढल्यास. मोबाइल चालूच होता. संध्याकाळी रिपोर्टात ओळ आली: 'कार्यकर्ती द्वारा मार्ग में ट्रक चालक को यातायात नियमों की समझाइश दी गई।' तू ते ऑफिसभर वाचत फिरलीस. हसून हसून तुला ठसका लागला. 'माह्या शिव्या एवढ्या चांगल्या कपड्यात पहिल्यांदा पाह्यल्या,' म्हणालीस.

मग साहेबांनी जुने रिपोर्ट मागवले. चांगला रिपोर्ट कसा असतो ते मशीनला कळावं म्हणून नमुने द्यायचे होते, आणि त्यांनी निवडलेले जवळपास सगळे तुझे होते. तुला अभिमान वाटला. वाटायलाच हवा होता. लिहायचा कंटाळा असला तरी तू लिहिलेलं कुणी नाकारू शकत नसे. आणि तुझ्या प्रत्येक रिपोर्टात एक ओळ असायचीच, 'बालिका से एकांत में चर्चा की गई।' पोराशी एकट्यानं बोलल्याशिवाय तू कुठल्याच घरातून उठली नाहीस, म्हणून ती ओळ असायची. मशीन ती ओळ उचलायला शिकलं. पोराशी खरंच कुणी बोललंय की नाही, हे त्याला कुठून कळणार होतं.

आपलं भांडण तिथून सुरू झालं. मी म्हणायचे, हे एक दिवस आपल्याशिवाय लिहायला लागेल. तू भडकायचीस.

'मशीनवर काबरं चिडतीस? तिले ना घर ना पोर. तिच्या हातून कोन काय करून घेते ते पाह्य. रिपोर्ट लिहू दे तिले, घरात बसाले आपन आहोत ना.'

'आणि उद्या साहेब म्हणाले, बसायची गरज नाही?'

'तं साहेबाले धरू,' तू म्हणालीस. हसत म्हणालीस. धरायची वेळ आली तेव्हा तू नव्हतीस, ताई. या गोष्टीचा राग मी तुझ्यावर जरा धरून आहे.

चिमणीचं घर लोधीपुऱ्यात. पोराचं खरं नाव कुठे लिहायचं नाही हे तूच शिकवलंस; तू तिला चिमणी म्हणायचीस, तेच चालवते. आई गेलेली. बाप केळीच्या गाड्यांवर, एकदा निघाला की कुठे दिल्लीपर्यंत. पोर काका-काकूकडे. शाळेनं कळवलं की बरेच दिवस आली नाही, म्हणून आपण गेलो.

तुझी पद्धत ठरलेली. पाणी विचारलं की नको म्हणायचं, चहा विचारला की हो. सुरुवातीला मला वाटायचं तुला चहाची हौस आहे. मग तू सांगितलंस, 'पानी पिऊन मानूस लगेच उठते. चहाले बसावं लागते. तो उकळेपर्यंत घर दमून जाते चांगलं वागून, अन् रोजच्यासारखं वागाले लागते.' त्या दिवशी काकू फार गोड बोलत होती. पोर कशी लाडाची, कशी हट्टी, शाळेत जायचंच नाव नाही. तू माना डोलवत होतीस. तेवढ्यात चिमणी आतून चहाचं पातेलं घेऊन आली. चहा अजून उकळत होता आणि तिनं पातेलं दोन्ही हातांनी धरलेलं. ना सांडशी, ना फडकं. तोंडावर काही नाही. कपात नीट ओतलं, एक थेंब सांडला नाही.

तू कप घेतलास, चहाची तारीफ केलीस. मग 'मले हात धुवाची जागा दाखव गं' म्हणून तिला मागच्या मोरीकडे घेऊन गेलीस आणि मी इकडे काकूला बोलण्यात अडकवून ठेवलं. बाहेर आल्यावर तू स्कूटीपाशी येऊन थांबलीस. मग म्हणालीस, 'त्या हाताले चटका लागनंच बंद झालं वर्षे. सकाळी चूल अन् मंग दिवसभर लूमसाठी सुताच्या कांड्या भरते. एवढीशी पोर.' आईची आई दापोऱ्यात होती आणि पोरीला सांभाळायला एका पायावर तयार होती. तू रिपोर्टात स्वच्छ सांगितलंस: पोर आजीकडे द्यावी. समिती म्हणाली, आणखी एक भेट होऊ द्या, मग ठरवू.

ती दुसरी भेट तुझ्या नावावर होती, आणि तू जळगावच्या हॉस्पिटलात होतीस.

मी दुपारी तुझ्या उशाशी बसून मोसंबी सोलत होते. मोबाइलवर आलं, चिमणीचं प्रकरण बंद. मी रिपोर्ट उघडला आणि तुला वाचून दाखवला. गृहभेट झाली. भेट देणारी म्हणून तुझं नाव. 'बालिका प्रसन्नचित्त पाई गई। घर का वातावरण स्नेहपूर्ण है। बालिका से एकांत में चर्चा की गई।' तू डोळे मिटून ऐकत होतीस. मला वाटलं झोप लागली.

'हे तं मीच लिहिलं असं वाटते वर्षे,' तू म्हणालीस. 'अन् मी तं गेलीच नाही.'

एवढा बारीक आवाज मी तुझ्या तोंडून कधी ऐकला नव्हता. साऱ्या आयुष्याचं खरं बोलणं कुणीतरी चोरून नेऊन खोट्यावर चिकटवलं होतं. तू फोन मागितलास. साहेबांना लावलास. उचलला नाही. पुन्हा लावलास. नर्स रागावली, तर तू तिला रागावलीस. मग दमून पडलीस आणि माझं मनगट धरून म्हणालीस, 'चिमणीले काढ तिथून.' तुझं शेवटचं बोलणं हेच होतं असं लिहायला बरं वाटलं असतं. तसं नव्हतं. शेवटचं तू म्हणालीस ते खिचडी अळणी आहे.

मी प्रकरण पुन्हा उघडायचा अर्ज दिला. तो साहेबांच्या टेबलावरून पुढे जायला हवा होता. तो तिथून हलला नाही. तू मात्र गेलीस. आणि साहेब तापीकाठी राजघाटावर तुझ्या चितेपाशी हात जोडून सगळ्यांत पुढे उभे होते, पांढऱ्या सदऱ्यात. त्यांना तिथूनच तापीत ढकलावं असं मला वाटलं. हे मी लाजून सांगत नाहीये.

शोकसभेनंतर थोड्याच दिवसांत चिमणी घरातून निघाली. तिला एवढंच माहीत की आजी दापोऱ्यात आहे आणि रस्ता केळीतून जातो, आईबरोबर गेलेली असल्यामुळे. चालत निघाली. केळी कापायला जाणाऱ्या बायकांनी तिला ट्रॅक्टरवर ओढून घेतलं आणि आजीच्या दारात उतरवलं. उजव्या हातावर मनगटापर्यंत फोड. या वेळी चटका लागला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आजी तिला घेऊन समितीच्या ऑफिससमोर येऊन बसली. रडली नाही, ओरडली नाही. जो येईल त्याला पोरीचा हात वर करून दाखवत होती.

समितीच्या मॅडम हलल्या. विचारलं, दुसरी भेट कुणी केली? सुनावणी ठरली. आणि साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

'देखो वर्षा, भेंट तो शालू जी के नाम से चढ़ी है। अब उनको कौन-सा नोटिस जाएगा? बीमार थीं, गड़बड़ हो गई होगी। तुम इतना बोल दो बस।' आणि मग, जरा प्रेमानं, 'जो चला गया उसका क्या बिगड़ता है।'

तुझं काय बिघडतं! ज्या बाईनं पोराशी बोलल्याशिवाय घर सोडलं नाही, तिच्या नावावर जिल्ह्यात कायमचं लागणार होतं की हिनं न जाता रिपोर्ट दिला आणि पोर भाजली. तुझ्या घरच्यांनी ते ऐकायचं. ज्या पोरांना तू बाहेर काढलंस, त्यांनी मोठं होऊन ऐकायचं. एरवी मी तिथेच टेबल उलटं केलं असतं. पण मी नाही म्हटलंच नाही. खाली मान घालून म्हटलं, 'देखती हूँ सर।' मला हवं होतं की त्यांनी निर्धास्त होऊन यावं आणि ते वाक्य समितीसमोर स्वतःच्या तोंडानं बोलावं. एकदा बोललेलं गिळता येत नाही.

बोलले. आवाजात दुःख आणून बोलले. 'शालू जी हमारे बीच नहीं हैं, मैं उनको दोष नहीं देना चाहता, पर अंतिम दिनों में उनसे यह चूक हुई।' मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी उभी राहिले.

'मैडम, उस पूरे हफ्ते शालूताई जलगाँव में भर्ती थीं। मैं उनके पास बैठी थी। यह रिपोर्ट मैंने ही उनको पढ़कर सुनाई। वे लोधीपुरा गई ही नहीं।'

आजी खुर्चीवर न बसता भिंतीशी उभी होती. ती म्हणाली, 'कोनीच आलं नव्हतं वो बाई. पोरगी सांगते ना. फोन आला व्हता. काकूनं तिले नवा फराक घातला, दप्तर लटकवलं, अन् फोन झाल्यावर फराक काढून ठेवला.'

मॅडमनी चिमणीला विचारलं, फोनवर कोण होतं? चिमणीनं बरा हात उचलून साहेबांकडे बोट केलं. 'हे मोबाइलवाले.'

साहेब घाईघाईनं म्हणाले की कामं फार साचली होती, म्हणून शालूजींच्या खात्यातून त्यांनी फक्त व्हिडिओ कॉल केला. रिपोर्ट सिस्टमनं केला. ती एकांतवाली ओळ सिस्टमनं आपल्या मनानं टाकली. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

'ठीक है। तो सिस्टम को बुलाइए। उसी से पूछ लेते हैं, बच्ची ने एकांत में क्या बताया था।'

साहेबांनी तोंड उघडलं. काही आलं नाही. पुन्हा उघडलं. कपाळावरून घाम थेट भुवयांत उतरत होता आणि पुसायला रुमाल सापडत नव्हता. मी एक क्षणही नजर हटवली नाही, ताई. दराब्याची मिठाई खाताना तू डोळे मिटायचीस ना, तशी मी ते चवीनं बघितलं.

आणि तिथेच मला कळलं की आपल्या भांडणात तू जिंकलीस. मी इतके दिवस मशीनला शिव्या घालत होते. त्या दिवशीही घातल्या असत्या तर साहेबांना पळायला वाट मिळाली असती. त्यांनाही तेच हवं होतं की सगळ्यांनी मिळून मशीनला शिव्या द्याव्यात आणि चहा पिऊन घरी जावं. कॉल लावणारा हात माणसाचा होता. तुझं खातं उघडणारा हात माणसाचा होता. तू बरोबर होतीस, हे कबूल करायला मला तू समोर हवी होतीस.

चिमणी आता दापोऱ्यात आहे, समितीच्या हुकमानं. काका-काकूंवर ठाण्यात कागद गेला. हात भरतोय. तुझ्या नावावरची ती भेट रद्द झाली, आणि रद्द का झाली तेही मॅडमनी लिहायला लावलं.

साहेब त्यानंतर माझ्या घरी आले. बरोबर दराब्याचा डबा. त्यांना नोटीस आली होती. त्यांचं म्हणणं, मी एवढंच लिहून द्यावं की ही तांत्रिक चूक होती. 'शालू जी का नाम तो साफ हो गया। अब आपको क्या चाहिए? मेरे बच्चे छोटे हैं।'

'चिमणी भी छोटी है सर,' मी म्हटलं. आणि मला काय हवं तेही सांगितलं. आमच्या कुणाकुणाच्या नावावर त्यांनी आणखी किती घरं अशी फोनवर उरकली, ते सगळं बाहेर आलेलं मला हवं आहे. मी तशी मागणी समितीकडे दिली, ती मंजूरही झाली आहे, आणि त्या प्रत्येक घरी मी स्वतः जाणार आहे. जिथे जिथे पोर वेगळं काही सांगेल, तिथे तिथे साहेबांचं नाव लागेल. डबा मी त्यांच्या हातात परत दिला. चांगल्या दुकानातला होता, जरा वाईट वाटलं.

तुला एक सांगायचं राहून गेलं. दुसऱ्याच वर्षी मी ही नोकरी सोडणार होते. ती जुळी भावंडं आपल्याला वेळेत बाहेर काढता आली नाहीत, त्या प्रकरणानंतर मला झोप लागत नव्हती. तू काही समजावलं नाहीस. रोज सकाळी फक्त माझ्या दारात येऊन हाक मारायचीस, 'निघायचं ना?' आणि मी निघायचे. तू मुद्दाम येत होतीस हे मला फार नंतर कळलं. तुझं घर स्टेशनच्या त्या बाजूला, माझं ह्या बाजूला. माझं दार तुझ्या वाटेवर नव्हतंच. तुझे आभार मानले नाहीत मी. तू मानू दिले नसतेस, शिव्या दिल्या असत्यास. तरी मानायला हवे होते.

हे सगळं सांगायला मी काल भाऊजींकडे गेले होते. मिलमधून रिटायर झाल्यापासून तुझ्या बोलण्यावरच त्यांचा दिवस जायचा. आता घर फार गप्प आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

'शालू असती तं तिनं तुले थांबवलं असतं, वर्षा,' ते म्हणाले. 'म्हनली असती, मानूस आहे, चुकला, आता सोड.'

खरं आहे. थांबवलंच असतंस तू. हात धरून खाली बसवलं असतंस, माझ्यासाठी चहा टाकला असतास, आणि मी तुझं ऐकलं असतं. साहेबांना या जगात माझ्यापासून वाचवू शकेल असं एकच माणूस होतं. ते मेलं म्हणून त्यांना बरं वाटलं.